बदामाच्या बागेखालचा उतार

डावा गुडघा दुखायला लागला नसता तर आमची ओळख झाली नसती. इंग्लंडमध्ये लीड्सला येऊन मला वर्ष झालं होतं. दिवसभर ऑफिसात बसून सॉफ्टवेअर तपासायचं आणि घरी येऊन पुन्हा बसायचं, असं चाललं होतं. जीपीने, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरने, हॉस्पिटलच्या फिजिओकडे पाठवलं. तिने वाटीखाली अंगठा दाबला आणि माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं. ती थांबली आणि मराठीत म्हणाली, एवढं दुखतं तर इतके महिने काय करत होतात?

ती नागपूरची, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. नवरा एका कॉलेजात लॅब टेक्निशियन होता. घरात दारासमोर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि नागपूरहून फोन आला की पहिला शब्द ‘जय भीम’. मी तिला ताई म्हणायला लागले, पण अगं-तुगं करून. तिच्या नवऱ्याला भाऊजी.

सायकल तिनेच सुचवली. गुडघ्याला बरी, म्हणाली. मग ती स्वतःही माझ्याबरोबर येऊ लागली. आम्ही दोघींनी जुन्या, रुंद टायरच्या सायकली घेतल्या आणि रविवारी कालव्याकाठच्या वाटेने निघायला लागलो. पुढे धीर आला तशा यॉर्कशरच्या माळावरच्या दगडी वाटा धरल्या. वारा असा की उतारावरही पेडल मारावं लागायचं. मेंढ्यांसाठी ठेवलेलं प्रत्येक फाटक उघडायचं, सायकली आत घ्यायच्या, फाटक लावायचं. भिंतीच्या आडोशाला बसून आम्ही तिच्या तिखट पुऱ्या खायचो. त्या देशात मी इतकी मोकळी कुणाशीच बोलले नव्हते.

स्पेनचं डोक्यात आलं ते आमच्याबरोबर कधीमधी येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेमुळे. ती दरवर्षी दक्षिण स्पेनच्या डोंगरात सायकल घेऊन जायची. डांबरी रस्ते सोडून, मुरमाच्या आणि खडीच्या रस्त्यांनी एका गावातून दुसऱ्या गावात. आपले मार्ग तिने कागदावर काढून ठेवले होते, त्यांच्या झेरॉक्स तिने आम्हाला दिल्या. चांगल्या रस्त्याला दुहेरी रेघ, वाईट वाटेला टिंबं. बाजूला बारीक अक्षरात सूचना. ते कागद माझ्याकडे होते, कारण नकाशा मी बघायचा असं आमचं ठरलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी गेलो. पहिले दोन दिवस फार चांगले गेले. तांबडी माती, ऑलिव्हच्या रांगा, कोरडे ओढे. बदाम काढायचे दिवस होते. झाडांखाली जाळ्या पसरून माणसं काठीने फांद्या बडवत होती. ताईला ते बघून इतकी मजा वाटली की ती दर बागेपाशी उभी राहायची. मला उशीर होतोय असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी गावातलं एकुलतं एक दुकान दुपारी बंद झालं आणि आम्ही संध्याकाळपर्यंत उपाशी राहिलो. ती हसून म्हणाली, एका दिवसाने काय होतं. मला हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका बदामाच्या बागेपाशी रस्ता फुटला. मोठा रस्ता डोंगराला वळसा घालून जात होता. दुसरी वाट सरळ खाली, कोरड्या नदीच्या पात्रात उतरत होती आणि पलीकडे गाव दिसत होतं. पाणी अर्धी बाटली उरलं होतं. मी कागद काढला. खालची वाट टिंबांची होती, आणि बाजूला लिहिलं होतं : खडी सुटी आहे, इथे सायकल हातात धरून चालत उतरा.

ताईने विचारलं, खालची कशी आहे?

“ठीक आहे, शॉर्टकट आहे,” मी म्हटलं आणि कागद घडी करून बॅगेत टाकला.

का तसं केलं, याचा मी खूप विचार केला आहे. मोठं कारण काही सापडत नाही. ऊन होतं, दुकान बंद व्हायची वेळ झाली होती, चालत उतरलो असतो तर पाऊण तास गेला असता. यॉर्कशरच्या ओल्या दगडांवर चालवतो, हे काय, असंही वाटलं. मी पुढे निघाले. मधे मागचं चाक दोनदा सरकलं, पण मी खाली पोचले. वळून बघितलं तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

ती अर्ध्यात आली होती. पुढचं चाक खडीत रुतलं, सायकल आडवी झाली आणि ती उजव्या खांद्यावर दगडांवर आदळली. आवाज फारसा झाला नाही.

मी धावत वर गेले. ती उताणी पडली होती, डोळे उघडे, शुद्धीवर. मी तिला उठवायला गेले तर म्हणाली, हलवू नकोस. मग उजव्या हाताकडे बघत राहिली. एरवी ती माझ्याशी पुणेरी वळणाचं बोलायची, पण तेव्हा थेट घरचं आलं.

“बोटं कळून नाही राहिली मला,” ती म्हणाली. “नस गेली बघ. मानेतूनच गेली.”

असे हात तिने पेशंटचे बघितले होते. पुढे काय होणार, ते त्या खडीत पडल्या पडल्या तिला कळलं होतं. डॉक्टरांना कळायला आठवडे लागले.

बागेतलं एक म्हातारं जोडपं काठ्या टाकून खाली आलं. त्यांनीच फोन केला आणि अँब्युलन्स येईपर्यंत बदामाची जाळी धरून तिच्यावर सावली केली. भाऊजी दुसऱ्या दिवशी पोचले. लीड्सला परतल्यावर दोन ऑपरेशनं झाली. खांदा थोडा हलायला लागला, पण कोपराखाली काहीच आलं नाही. तिचं फिजिओचं काम संपलं. हॉस्पिटलने तिला अपॉइंटमेंटच्या डेस्कवर बसवू असं सांगितलं, ती नको म्हणाली.

मी रोज ऑफिसातून तिच्याकडे जायचे. केस विंचरून द्यायचे, भाजी चिरून द्यायचे. एकदा ती आत झोपली होती आणि भाऊजी तांदूळ धूत होते. पाठमोरेच म्हणाले, “त्या वाटेबद्दल कागदावर काही लिहिलं नव्हतं का?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी पाणी ओतलं, पुन्हा भरलं. मग तुम्ही किती करता हो आमच्यासाठी, असं म्हणाले.

ते कागद मी घरी कपाटात ठेवले होते. फाडता आले नाहीत. हिवाळाभर मी तिच्याकडे जात राहिले आणि मी जितकं जास्त करायचे तितके ते दोघं माझे उपकार मानायचे. ते मला सोसेना. मार्चमध्ये एका शनिवारी मी कागद घेऊन गेले आणि तिच्यापुढे ठेवला. काय लिहिलंय ते बोटाने दाखवलं. त्या वेळी वाचलं होतं, हेही सांगितलं, आणि भाऊजींशी खोटं बोलले तेही.

तिने डाव्या हाताने कागद जवळ ओढला आणि बराच वेळ वाचला. ओरडेल, रडेल, असं मला वाटलं होतं. निदान माफ केलं म्हणेल असंही मनात कुठेतरी होतं, ते कबूल करते.

“चालले असते ना मी,” ती म्हणाली. “मला कुठं घाई होती?”

मग दार ओढून जा, म्हणाली.

दोन दिवसांनी भाऊजींचा फोन आला. आवाज शांत होता. यापुढे घरी येऊ नका, एवढंच ते बोलले. उन्हाळ्यात ते दोघं लेस्टरला भाऊजींच्या भावाजवळ राहायला गेले, ते मला दुसऱ्यांकडून कळलं.

त्यानंतर तीन वर्षांनी कामासाठी लेस्टरला गेले असताना मी तिला बेलग्रेव्ह रोडवर, तिथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, बघितलं. उजवा हात कोटाच्या खिशात होता. भाजीच्या दुकानाबाहेर ती वांगी निवडत होती आणि भाऊजी पिशवी उघडी धरून उभे होते. केस तिने अगदी बारीक कापले होते. मी रस्त्याच्या या बाजूला होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी साड्यांच्या एका दुकानात शिरले, आणि विकणाऱ्या बाईने काय दाखवू विचारलं तेव्हा काहीतरी रंग सांगितला. तिने सात-आठ साड्या उलगडेपर्यंत मी काचेकडे पाठ करून उभी होते. बाहेर आले तेव्हा ती दोघं गेली होती.