ऐकण्याचं स्टूल

फोन आला तेव्हा मी वॉर्डातल्या एका आजीबाईंशी हुज्जत घालत होते. आजीबाई गोळी जिभेखाली दडवायच्या आणि मी पाठ फिरवली की खिडकीतून थुंकायच्या. आयाबाई सांगत आल्या, "सिस्टर, मुलुंडवरून फोन हाय तुमचा." मुलुंडवरून म्हणजे माझ्या भावाच्या चाळीखालचे किराणावाले शेठ, अख्ख्या चाळीत फोन तेवढा एकच. शेठ एरवी दुकानभर ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, त्या दुपारी हळू बोलला. "शालूबेन, शांतवनभाई गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाय." मी बरं म्हटलं, फोन ठेवला, परत जाऊन आजीबाईंना तोंड उघडायला लावलं, गोळी गिळल्याची खात्री केली आणि मगच बदली सिस्टरला बोलावलं. सव्वीस वर्षं नर्सिंग केल्यावर हात आपले आपण काम करतात. घाटकोपरहून मुलुंडला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही, रागच आला. वाटलं, झालं, हाही निघून गेला. आज त्याला सात आठवडे झाले.

शांतवनदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. आम्ही धनगर नव्हे, पण आमचे वडील, बा, मिशनच्या आवारातली चाळीसेक मेंढरं राखायचे आणि दादा सात वर्षांचा असल्यापासून त्यांच्या मागे मागे हिंडायचा. उन्हाळ्यात ओढ्याला एकच डबकं उरायचं. तीन-चार कळप एकाच वेळी पाण्यावर यायचे आणि सगळी मेंढरं एकमेकांत मिसळून जायची. परक्याला वाटावं, आता ही दिवस मावळेपर्यंत निवडून होत नाहीत. मग बा चढावर उभे राहून जीभ टाळ्याला लावून एक लांब 'हुर्रर्र' काढायचे, आणि आमची तेवढी चाळीस डोकी गर्दीतून वर व्हायची. दादाच्या साऱ्या विश्वासाचा पाया या एवढ्याशा गोष्टीत होता. पुढे मुलुंडच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत तो रविवारी पोरांना शिकवायचा तेव्हा हा 'हुर्रर्र' करून दाखवायचा. पोरं खिदळायची, बाहेर चपलांपाशी झोपलेलं कुत्रं दचकून उठायचं. मग तो गंभीर व्हायचा. देव मेंढपाळ आहे म्हणजे तो मागून काठी घेऊन हाकत नाही, सांगायचा. तो हाक मारतो आणि पुढे चालायला लागतो. आपलं काम एकच, कान उघडे ठेवायचे.

आणि त्याने ते ठेवले. दादा एका कारखान्यात फिटर होता. मालाच्या खोक्यांच्या फळ्यांचं एक स्टूल त्याने स्वतः ठोकून केलं होतं. फळीवरची कंपनीची अक्षरं एका बाजूला उलटी दिसायची. रोज सकाळी चहा झाला की तो खिडकीपाशी त्या स्टुलावर बसायचा, पाव तास, हात गुडघ्यांवर, डोळे उघडे. प्रार्थना वेगळी, ती रात्रीच्या जेवणाआधी व्हायची. "प्रार्थना म्हणजे आपण बोलायचं, आणि हे म्हणजे आपण गप्प बसायचं," तो म्हणायचा. जे मनात उमटेल ते दोनशेपानी वहीत तारीख घालून एका ओळीत लिहायचा. घरातली कुठलीही मोठी गोष्ट त्या वहीतून गेल्याशिवाय होत नसे. भांडुपला एक खोली चांगली स्वस्तात मिळत होती, तिच्यासाठी तो पाच महिने स्टुलावर उत्तराची वाट बघत राहिला. खोली हातची गेली आणि वर्षभराने कळलं की मालकाने ती तिघांना विकली होती. मग काय, दादाच्या स्टुलाचा चाळीत दबदबा झाला. मी त्याला चिडवायचे, "दादा, आज भाजी कुठली करायची तेही विचारून घे की." तो हसायचा आणि म्हणायचा, "ते खातं तुझ्या वहिनीकडे." तेव्हा मीही हसत होते. खरं सांगायचं तर माझाही त्या स्टुलावर विश्वास होता.

त्याला एकच मुलगी. रूथ. लहानपणी तिचे सांधे धरून ताप यायचा आणि त्या तापाने आतल्या आत हृदयाची झडप आवळत आणली. चौदाव्या वर्षी ती जिना चढताना मध्येच दोनदा वाकायची आणि चपलेचा पट्टा नीट करायची. पट्ट्याला काही झालेलं नसायचं. दम लागलेला लपवायची ही युक्ती मी किती मुलींत पाहिली होती... मीच तिला माझ्या ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून स्वच्छ सांगितलं, ऑपरेशन आत्ता केलं तर पोरगी सुटेल, उशीर करू नका. खटपट करून मंगळवारचा बेड मिळवला. मी नाचत मुलुंडला गेले. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "विचारतो."

हातात आठ दिवस होते. गिरण्यांचा संप चालू होता ते वर्ष. चाळीतली निम्मी कोकणी माणसं दिवसभर घरी बसलेली, त्यामुळे दादा रोज किती वेळ खिडकीत बसतो हे सगळ्यांना दिसत होतं. पाव तासाचा अर्धा झाला, अर्ध्याचा एक. वही कोरीच. शनिवारी मी ड्युटी संपवून गेले आणि दारातूनच सुरुवात केली.

"अजून काही आलं नाही गं," तो म्हणाला.

"काय यायचंय आणखी? डॉक्टर सांगतायत, मी सांगतेय. ने तिला!"

"छाती उघडायची पोरीची, शालू. त्याच्या हाकेशिवाय एवढं पाऊल कसं टाकू मी?"

"तिचा दम ऐकू येतो का तुला? तो ऐक आधी."

तो रडत होता. हे लिहिलंच पाहिजे, कारण पुढे लोकांनी त्याला हट्टी म्हटलं, वेडा म्हटलं, आणि त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. तो हट्टी नव्हता. तो घाबरला होता आणि आयुष्यभर भीती वाटली की तो जिथे जाऊन बसायचा तिथेच जाऊन बसला होता. हे मला आज कळतं. मंगळवारी वहिनीने पिशवी भरली, टॉवेल, कंगवा, दोन फ्रॉक, तेलाची बाटली. ती पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली, शेजारी रूथ, वेण्यांना नव्या रिबिनी. दुपारी दोनपर्यंत मायलेकी तशाच बसून होत्या आणि आत दादा स्टुलावर. तो उठला नाही. बेड दुसऱ्याला गेला. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली.

ती तारीख आलीच नाही. सातव्या आठवड्यात तिला ताप भरला, फुप्फुसांत पाणी झालं आणि टॅक्सीत घालून तिला माझ्याच हॉस्पिटलात आणलं. त्या दुपारचं मी फार लिहिणार नाही. मी शेकडो माणसांचे हात धरून बसले आहे, तसाच तिचाही धरला. मास्क बाजूला करून तिने मला विचारलं, "आत्या, पप्पांना उत्तर आलं का?" मी म्हटलं, "आलं गं, आलं." एवढं खोटं मी कुणाशी बोलले नाही.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, मेंढपाळाने आपलं कोकरू उचलून उराशी घेतलं. लोकांनी आमेन म्हटलं. माझं डोकं फिरलं. सगळ्यांच्या देखत मी दादाला म्हटलं, "देवाच्या नावावर खपवू नकोस. तू मारलीस तिला." पाळकसाहेब मध्ये पडायला लागले तर दादानेच त्यांना हाताने थांबवलं. मान खाली घालून तो नुसता हो-हो करत राहिला... त्यानंतर तीन वर्षं मी त्या घराची पायरी चढले नाही. उपासनेला जाणंही सोडलं, रविवारची ड्युटी मागून घ्यायला लागले.

मग एक दिवस वहिनी वॉर्डात येऊन उभी राहिली. "ब्लडप्रेशर लय वाढलंय त्यांचं. गोळ्या दिल्या तर घेत नाहीत, मोरीत टाकतात. माझ्यासाठी नको, पण तू नर्स आहेस ना? ये." मी गेले. तेव्हापासून एका रविवाराआड मी मुलुंडला जायचे, दादाच्या दंडाला पट्टा बांधायचे, पारा बघायचे, आकडा सांगायचे आणि निघायचे. बहीणभावात आकड्यांखेरीज दुसरं बोलणं नाही. स्टूल खिडकीपाशीच होतं आणि तो अजून रोज त्यावर बसत होता. याची मला भयंकर चीड यायची. पोरगी गेली तरी याची खोड जात नाही, असं मनात म्हणायचे.

एका रविवारी पट्टा बांधलेला असताना तोच बोलला. "शालू, बा नेहमी तोंडानंच हाक मारायचे का गं?"

मी पाऱ्याकडे बघत राहिले.

"कधी पुढ्यात खडा टाकायचे. कधी मोत्याला सोडायचे. मोत्या जाऊन पायाला दात लावायचा, मेंढरू बोंबलायचं, पण कड्यावरनं वळायचं. मला हे माहीत होतं गं. लहानपणापासून बघितलेलं. आणि मी आपला तोंडाच्या हाकेची वाट बघत बसलो. त्यानं तुला पाठवलं होतं."

"म्हणजे मी कुत्रं," मी म्हटलं.

इतक्या वर्षांनी तो हसला, अगदी पूर्वीसारखा, आणि हसता हसता त्याचा चेहरा रडवेला झाला. "चांगली भुंकलीस गं तू. मलाच ओळखता आलं नाही." मी पट्टा सोडला तेव्हा म्हणाला, "माफ करशील मला?"

मी यंत्र पेटीत ठेवलं, पेटीचा खटका लावला आणि म्हटलं, "बघू."

दादा गेला तेव्हा याला अकरा महिने झाले होते. त्याने पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. मात्र दर खेपेला मी निघताना तो म्हणायचा, "काही बोलायचंय का तुला?" मला वाटायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण चहा विचारतो तसं विचारतोय. मी नाही म्हणायचे. शेवटच्या रविवारी आकडा बघून माझा जीव उडाला. तो दोन महिने रजेवर होता, पाय सुजलेले, आणि गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी. निघताना त्याने विचारलं, काही बोलायचंय का. मी खेकसले, "काय बोलायचंय? औषध वेळेवर घे. बास!" तो म्हणाला, "बरं." मी जिना उतरायला लागले होते. त्यानंतरच्या शुक्रवारी शेठचा फोन आला.

परवा वहिनीने मला बोलावून स्टूल आणि वह्या दिल्या. "मला बघवत नाही याच्याकडे. तू ने," म्हणाली. शेवटची वही मी तिथेच, उंबऱ्यात बसून उघडली. रूथच्या त्या आठ दिवसांची पानं वहीत तशीच होती, नुसत्या तारखा. त्यांतल्या शनिवारच्या तारखेसमोर मागाहून, वेगळ्या शाईने लिहिलं होतं : 'शालू येऊन सांगून गेली, ने तिला. ऐकलं नाही.' पुढे कितीतरी पानं कोरी. मग त्या अकरा महिन्यांतले फक्त माझे रविवार. प्रत्येकासमोर तीच ओळ, 'शालू काही बोलली नाही.' पान उलटलं तरी तीच. आणि सगळ्यात शेवटी, 'शालू म्हणाली, औषध वेळेवर घे.' तिच्याखाली सोमवार, घेतलं. मंगळवार, घेतलं. बुधवार, घेतलं. गुरुवार, घेतलं. शुक्रवार, घेतलं.

"त्या सोमवारपासून आपणहून पट्टी मागायला लागले," वहिनी म्हणाली. "मी म्हटलं, आज सूर्य कुठनं उगवला? तर म्हणाले, सांगितलंय मला."

मी दादाला माफ केलं होतं. कधी, ते नक्की सांगता येत नाही, बहुतेक तो कुत्र्यावरून हसला तेव्हाच. दर रविवाराआड ते माझ्या तोंडाशी असायचं आणि मी ते दडवून जिना उतरायचे, वॉर्डातल्या त्या आजीबाईंसारखी. त्याला वाटलं असेल, आपल्या वाट्याला एवढंच उत्तर आलं, औषध वेळेवर घे. त्याने तेवढंच पाळलं, पाच दिवस.

आता स्टूल माझ्या घरी घाटकोपरला आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. देव मेंढपाळ आहे की नाही यावर माझं मत कुणी विचारू नये. पण ड्युटीला जायच्या आधी पाव तास मी त्यावर बसते. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, वरच्या मजल्यावरचं पोर पाढे म्हणत असतं. मग मी मोठ्याने म्हणते, दादा, माफ केलं. ऐकायला स्टुलावर कुणी नसतं, मीच बसलेली असते.