बेहड्यावरचा नंबर

झाडाला हात लावायच्या आधी तो बोटांच्या पेरांनी खोडावर दोनदा ठोठावायचा आणि विचारायचा, “घरात कोण आहे?” मग जरा थांबायचा. बोरिवलीच्या जंगलात सकाळी फिरायला जाणाऱ्या तुमच्यापैकी कोणी त्याला पाहिलं असेल, तर वेडा समजून पुढे गेला असाल. मीही आधी तेच समजले होते.

जंगलाच्या कडेला रोपवाटिका होती. मी तिथे पिशव्यांत माती भरायचे. तो पाड्यावरचा वारली, बी गोळा करून आणायचा. ढोलीत घोरपड असते, साप असतो; न विचारता हात घातला तर चूक आपली, असं त्याचं म्हणणं.

“साप काय ‘आहे’ म्हणून सांगणार का रे?”

“सांगतो ना, बाय. तुला ऐकू येत नाय.”

ओढ्यापलीकडे एक जुना बेहडा होता. दर उन्हाळ्यात त्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंडी घालायला बसायची आणि दार आतून लिंपून घ्यायची. चोच जाईल एवढीच फट. नर दिवसभर उंबरं आणून भरवायचा. हा खाली बसून भाकरी खायचा. नर उशिरा आला तर याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

एकदा थंडी सरताना साहेब लोक लाल रंगाचा डबा घेऊन आले आणि झाडांवर नंबर टाकू लागले. हे कशाला, असं त्याने मला विचारलं. आमच्या वस्तीत झोपड्यांवर असेच नंबर पडले होते. ज्याच्या दारावर नंबर, त्याला इमारतीत खोली. बाकीच्यांची भांडी रस्त्यावर. मी म्हटलं, “नंबर पडला तो वाचला.” साहेबांना विचारावं, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

साहेब ओढ्यापाशी थांबले होते. पलीकडचं राहू दे म्हणत होते. त्याने हात जोडून त्यांना ओढा ओलांडायला लावला. बेहड्यावर नंबर टाकून घेतला. रंग ओघळला तेव्हा आकडा नीट वाचता यावा म्हणून आपल्या पंच्याने कडा पुसल्या. त्या दिवशी त्याने मला जांभळाएवढा गूळ दिला.

उन्हाळ्यात रस्त्याच्या कामाला करवती आल्या. नंबरवाली झाडं तेवढी पाडली. तो धावत बेहड्याकडे गेला. आत आई आहे, पिलं आहेत, महिनाभर थांबा, म्हणाला. मुकादमाने कागद पाहिला.

“नंबर आहे, काका. बाजूला व्हा.”

ढोलीतून काय निघालं ते मी पाहिलं. लिहीत नाही. नर दोन दिवस उंबर चोचीत धरून त्या मोकळ्या जागेवर फिरत होता.

पुढच्या वर्षी त्याच रस्त्यासाठी पाड्यातल्या घरांवर नंबर पडले. याने कोयत्याने आपल्या दारावरचा खरवडून काढला. मी ओरडले, अरे, खोली जाईल. तो दाराकडेच बघत होता.

“वाचलो, बाय,” तो म्हणाला.

यादीत त्याचं घर आलं नाही. शेजाऱ्यांना खोल्या मिळाल्या. तो बोचकं घेऊन कुठे गेला, कोणालाच माहीत नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही. मीही माफी मागितली नाही.

त्याचा पंचा रोपवाटिकेत खिळ्यावर राहिला होता. मी घरी आणला. सोड्यात उकळला, दगडावर आपटला. लाल रंग जात नाही.