जनकाबाईंची खुर्ची

मेहकरजवळच्या एका गावात जनकाबाई सभेला निघाल्या, की पारावरची टोळी ओरडते, "सिंहासन निघालं बे!" कारण बाईंच्या डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची असते. ग्रामसभा असो की बचतगटाची बैठक, बाई आपली खुर्ची नेतात आणि तिच्यावरच बसतात. उभा जन्म लोकांच्या वावरात निंदण्यात आणि मालकाच्या ओसरीखाली उकिडवं बसून बोलण्यात गेला. नोकरी लागल्यावर लेकाने, "काय आणू?" विचारलं, तर बाईंनी लुगडं नाही, खुर्ची मागितली. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते उगाच नाही.

परवा बुलढाण्याच्या एका संस्थेची योगिनी आली. समाजकार्य शिकलेली, मनाने सोन्यासारखी पोर, पण घाई फार. तिने समाजमंदिरातल्या साऱ्या खुर्च्या बाहेर काढल्या, सतरंजी अंथरली आणि जाहीर केलं, "इथे कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही. सगळे गोल करून खाली बसू."

गावचे बडे शेतकरी महादेवराव सगळ्यांत आधी बसले. इतकं स्वस्त पुण्य त्यांना कधी मिळालं नव्हतं.

"ये जनके, बस खाली. आता समता हाय!"

जनकाबाई आपली खुर्ची धरून उभ्याच राहिल्या. आज खाली बसलं, की पुन्हा कुणी वर बसू देणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ताई," त्या योगिनीला म्हणाल्या, "हे खाली बसले तं लोक यायले मोठ्या मनाचे म्हनतीन. मी बसली तं कोनी काय म्हनन? मी तं तिथंच होती."

योगिनीचा चेहरा उतरला. पण पोरगी खरी. "चुकलं माझं, आजी," म्हणाली आणि स्वतःच खुर्च्या आत ओढू लागली. "ज्याला जिथे बसायचं, त्याने तिथे बसावं."

वस्तीतल्या बाया अशा धावल्या, की खुर्च्या बघता बघता संपल्या. महादेवराव मात्र खालीच. गुडघे आखडलेले, उठता येईना. इकडेतिकडे बघून शेवटी त्यांनी जवळ उभ्या असलेल्या जनकाबाईंपुढेच हात केला. त्या घराने बाईंच्या ओंजळीत कायम वरूनच पाणी ओतलं होतं. बाईंना हसू फुटलं. त्यांनी हात धरून त्यांना उभं केलं.

"जनकाबाई," महादेवराव धापा टाकत म्हणाले, "घडीभर टेकू का तुमच्या खुर्चीवर?"

"तुमच्या घरी हायेत ना?" बाई आपल्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या. "घेऊन या. डोक्यावर आनली का वजन नाही वाटत."