दुपारी मागे पडणारं घड्याळ

तो तपास आठवला की आजही माझा गोंधळ उडतो. मुरुडजवळच्या पोलीस ठाण्यात अधिकारी होतो. मासेमारी बंदीचे दिवस. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यांच्यावरची यंत्रं मच्छीमार सोसायटीच्या गोदामात ठेवलेली. तिथून मासे शोधायचं एक यंत्र चोरीला गेलं. रखवालदार तीन ते साडेतीन चहाला गेला होता. फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाला संगणकावरून पावती मिळे. सोसायटीच्या लोकांनी त्या अर्ध्या तासातली एकमेव पावतीची प्रत आणून दिली. वेळ तीन दहा, नाव एका वयस्क तांडेलाचं, म्हणजे बोटीवरच्या मुख्य खलाशाचं. बंदी उठायला आठवडा होता. चोरीचा डाग राहिला असता, तर कोणी त्याच्या हाती बोट दिली नसती.

जबाबात तो सांगत राहिला की तीनची फेरीबोट धरून दिघीहून आगरदांड्याला उतरलो, गोदामावर पोहोचेस्तोवर पावणेचार झाले. फेरीबोटीवरच्या लोकांना तो आठवत होता, पण दिवस तोच होता का, हे सांगता येईना.

"काय तांडेल, दहा मिनिटांत उडत आलात काय?" हवालदार म्हणाले.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सायब, कागद खोटा न्हाय, मीबी खोटा न्हाय. मंग काय करायचा?"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. शिक्षकांनी आणि पुस्तकांनीच मला वर आणलं, त्यामुळे छापील कागदावर माझा फार विश्वास. तरी सकाळी पंचांसमक्ष संगणकाची वेळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहिली. मिनिटाचाही फरक नव्हता. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

पंचाची एक सही राहिली म्हणून त्याच दुपारी पुन्हा गेलो. माझ्या पावतीवर सव्वातीन, मनगटावर चारला पाच कमी. मी दोन्हीकडे बघत बसलो.

कॉलेजातल्या संगणकाच्या सरांना बोलावलं. त्यांनी समजावलं की काम नसलं की वीज वाचवायला प्रोसेसर झोपतो. या जुन्या यंत्रात वेळ त्याच्याच ठोक्यांवर मोजली जाते, झोपेतले ठोके मोजायचे राहतात. सकाळी चालू करताना आतल्या सेलवरच्या घड्याळातून वेळ उचलतो, म्हणून तेव्हा बरोबर. हंगामात फाटकावर रांग असते, त्याला झोपायला सवडच नाही. त्यामुळे इतक्या दिवसांत कोणाला संशय आला नाही.

"म्हणजे रिकामा बसला की हा वेळ विसरतो?"

"तसंच समजा, साहेब."

मला अर्धंच समजलं. पण त्या पस्तीस-चाळीस मिनिटांच्या हिशेबाने दोन पस्तीसची पावती घेणारा माणूस तीननंतर आत होता. चोरीचं यंत्र त्याच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीत सापडलं.

पुढे प्रत्येक तपासात मी यंत्राची वेळ घटनेच्याच वेळेला जाऊन तपासली. तांडेलाला खरा चोर सापडल्याचं सांगायला मात्र स्वतः गेलो होतो. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सायब, त्या दुपारी तुमी आला नसतात तर?"