साडीचोळीची हक्कसोड

दर रविवारी मी एका पुणेरी दैनिकात कोर्टाच्या निकालांवर लिहायचे. वकिलीत पक्षकार कमी मिळाले, पण या सदराने शत्रू भरपूर दिले. पेठेतले एक निवृत्त गृहस्थ नेमाने पोस्टकार्ड टाकत: ‘निकाल समजला. आपल्याला तो समजला का, हे समजले नाही.’

वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच, जन्मापासून हक्क आहे, असा निकाल आला तेव्हा मी पेटूनच लिहिलं. निकालाचं कौतुक दोन ओळींत उरकलं आणि आपल्याकडच्या हक्कसोडपत्रावर तुटून पडले. बहिणीला गाडीत घालून रजिस्टर ऑफिसात न्यायचं, तिचा हिस्सा भावाच्या नावे सोडवून घ्यायचा आणि बाहेर आल्यावर तिला साडीचोळी करायची. ही राजरोस लूट आहे, असं लिहिलं. आजही तेच म्हणते.

लोणी काळभोरला आमची शेती बघणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने त्या लेखाच्या झेरॉक्स काढल्या. ‘ताई, काय लिवलंयस!’ असं फोनवर ओरडला. मीही फुशारले. मागाहून कळलं, की ती झेरॉक्स घेऊन तो विश्रांतवाडीला बायकोच्या भावांच्या दारात जाऊन बसला होता आणि तिचा हिस्सा पदरात पाडूनच उठला होता.

दिवाळीच्या तोंडावर तो आईला घेऊन माझ्या बिबवेवाडीच्या घरी आला. आमच्या रानावर एका बिल्डरचा डोळा होता. वडील गेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं होतं आणि व्यवहार अडायला तेवढं पुरेसं होतं.

‘हक्कसोड करून दे, ताई.’

‘आणि माझा लेख?’

‘त्यो लोकांसाठी हाय. आपल्यात असलं असतं का?’

‘तुझ्या बायकोच्या माहेरी बरं असतं?’

‘त्यांचं येगळं. ते भाऊ नालायक हायेत.’

हे तो माझाच चहा पीत, मान वर करून म्हणाला. कप हिसकावून घ्यावा असं वाटलं. चालता हो म्हणणार, तेवढ्यात आई बोलली.

‘सही कर बाई. मला त्याच्याच घरात ऱ्हायचंय.’

‘आई, तू इथे राहा. आजपासून.’

‘लेकीच्या दारात मरू व्हय?’

यावर मला कुठलाही निकाल आठवला नाही. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने त्यांच्या गाडीत बसले. शेजारी भावजय होती आणि तिच्या मांडीवर दुकानाची पिशवी. साडी मोरपंखी होती. मला तो रंग कधीच आवडला नाही, आणि हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

रजिस्टर ऑफिसात माझ्या पुढच्या बाईला कारकुनाने विचारलं, ‘स्वखुशीने सोडताय ना?’ तिने आधी भावाकडे पाहिलं, मग हो म्हणाली. तिचा अंगठा झाला, फोटो झाला. माझी पाळी आली. कारकुनाने मान वर न करता तेच विचारलं. मी आईकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती.

‘नाही,’ मी म्हणाले.

‘काय नाही?’

‘स्वखुशीने नाही.’

‘मग बाई, लोकांचा वेळ कशाला घेताय?’ त्याने कागद बाजूला सारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

जिन्यात भाऊ माझ्या अंगावर धावून आला. ‘आजपासून तुला म्हायेर न्हाई!’

‘सातबाऱ्यावर आहे,’ मी म्हणाले. बोलून बरं वाटलं. अगदी खरं सांगते, फार बरं वाटलं.

तो आईला घेऊन पुढे उतरला. मी खाली आले तेव्हा त्याने गाडी सुरू केली होती. आई मागे बसली होती. तिला गाडीची काच खाली करता येत नाही, नेहमी मीच करून देते. मी बाहेरून काचेवर थाप मारली. आईने भावजयीकडे पाहिलं. भावजयीने बटणाला हात लावला नाही. मांडीवरची पिशवी तेवढी उचलून तिने आईच्या मांडीवर ठेवली. आईने ती दोन्ही हातांनी धरली आणि गाडी निघून गेली.