चाळीस घरांचा शेजार

कान्हे गावातल्या मशिदीलगतच्या खोलीत मरियमबी मुलाणी पोरांना अलिफ-बे शिकवायची. रेल्वेतला नवरा तापानं गेला, तेव्हापासून बापानं दिलेली ही विद्याच तिच्या सोबतीला होती. धड्याआधी ती रोज विचारायची, "आज शेजारी उपाशी कोन हाय?" ज्याला सांगता येत नसे, त्याला ती उठवून बघायला धाडायची. कान्हू ठाकराची चूल पेटली नाही, हे एकदा असंच कळलं आणि मुलाण्याच्या घरची भाकरी ठाकरवाडीत गेली.

सेहेचाळीस साली मुंबईहून एक पुढारी आला. मशिदीत जमलेल्या मंडळींना म्हणाला, पोरांना आता काठी शिकवा, हिंदूंकडचं येणंजाणं तोडा. शेजारी म्हणजे फक्त आपल्या धर्माचा. मरियमबीचा दीर दस्तगीर मान डोलावत होता. दाराआडून ऐकणारी मरियमबी पदर सावरून पुढं आली.

"आमच्या आब्बांनी शिकवलं, चारी अंगानं चाळीस-चाळीस घरं म्हंजी शेजार. हितं आपली घरं पाच. बाकीची कुनाची, सांगा की!"

"बाईमाणसानं धर्म शिकवू नये," पुढारी तुटकपणे म्हणाला.

"मंग तुमी शिकवा. पन माज्या पोरांच्या डोस्क्यात इख कालवू द्यायची न्हाई म्या."

दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं खोलीला कुलूप ठोकलं. मरियमबीनं चटई काखेत मारली आणि शेजारच्या हिंदू शेतकऱ्याच्या, अंबाजीच्या खळ्यावर नेऊन अंथरली. तिथं गावातलीच दोन-चार तरणी पोरं आडवी आली. मुसलमानांची शाळा इथं नको, म्हणाली. अंबाजीची बायको रतनबाई खळं सारवत होती. शेणानं भरलेल्या हातांनीच ती उठली.

"खळं माजं हाय. ज्याला तरास हुतोय, त्यानं कान झाकावं."

त्या दिवशी शिकायला एकटी जैतून आली, दस्तगीरची धाकटी लेक, बापाचा डोळा चुकवून. मरियमबीनं त्या एकटीला समोर बसवलं. तरी खोली भरलेली असताना लावायची, तेवढाच मोठा आवाज तिनं लावला. पार मशिदीपर्यंत जावा असा. हळूहळू बाकीची पोरं आली. पुढाऱ्याच्या काठ्या शिकायला मात्र कुणीच फिरकलं नाही. चार-सहा दिवस वाट बघून तो गाडीत बसून गेला.

वर्षभरानं देशाची फाळणी झाली. रोज कुठल्या ना कुठल्या जाळपोळीची बातमी यायची. कान्ह्यात एकाही दारावर दगड पडला नाही. पावसाळाभर अंबाजीच्या पडवीत भरलेली शाळा पुन्हा खळ्यावर आली, तेव्हा दस्तगीर खाली मान घालून तिथं आला आणि त्यानं किल्ली पुढं केली.

"वैनी, खोलीत चला. चुकलं माजं."

"ठिवा ती किल्ली तितं," धडा न थांबवता मरियमबी म्हणाली. "पावसाळ्यात लागंल."