रिकामं नव्हे, मोकळं

आमचा काका सुतार, आणि रिकामी जागा म्हणजे त्याचा जन्माचा वैरी. काकू गेली, तिचं शिलाई मशीन लेकीकडे गेलं. खिडकीपाशी उरलेली जागा काकाला बघवेना, म्हणून तिथं त्यानं भलंमोठं कपाट ठोकलं.

प्रदर्शनासाठी जपानी धाटणीचा स्टॉल मी आखला: लाकडी चौकटी, त्यांवर पातळ कागद, एक बाक, विकायची एकच किटली आणि मुद्दाम मोकळा ठेवलेला एक कोपरा. बांधताना काका कुरकुरला, "हा स्टॉल आहे की सामान हलवलेली खोली?" सकाळी बघते तर त्या कोपऱ्यात फळ्या ठोकलेल्या! माझं डोकंच फिरलं. सगळ्या काढायला लावल्या.

प्रदर्शन सुरू झालं. हिंडून आंबलेली माणसं बाकावर टेकायची, त्या कोपऱ्याकडे बघायची आणि हुश्श करायची. काका लांबून हे बघत होता. शेजारचा स्टॉलवाला खवचटपणे म्हणाला, "मिस्त्री, कोपरा रिकामाच राहिला की!"

"रिकामा नाही, मोकळा आहे," काका खेकसला. "डोळे फुटले का?"

 परतताना काका म्हणाला, "ते खिडकीपुढचं कपाट हलवायला उद्या येशील का गं? तिची जागा जरा मोकळी असू दे."